गाठ आठ मिलिमीटरची, प्रश्न दोन

पत्र: माझं वय ४७. शाळेत विज्ञान शिकवते. वर्षभरापासून डाव्या कानाला फोन लावला की आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. त्याच कानात बारीक शिट्टी वाजत राहते. अंधारात जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. एमआरआयमध्ये डाव्या कानाच्या आतल्या हाडाच्या नळीत ८ मिलिमीटरची गाठ निघाली. रिपोर्टवर ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, साधी गाठ आहे, कॅन्सर नाही, काळजी करू नका, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. घरी हे कुणालाच पटत नाही. दीर म्हणतात, डोक्यातली गाठ तशीच ठेवून कोण बसतं? माझे प्रश्न वेगळे आहेत. साधी आहे तर ती झालीच का? एवढीशी आहे तर ऐकू येणं का बिघडलं? फोन नेहमी याच कानाला लावायचे, त्याचा संबंध आहे का? मुलीलाही होईल का? ‘काळजी करू नका’ याच्या पुढचं काही सांगाल का?

उत्तर:

ताई, आधी तुमच्या दिरांना उत्तर देतो, म्हणजे घरातला वाद थोडा निवळेल. तुमची गाठ मेंदूत नाही. अंतर्कर्णातून निघून मेंदूकडे जाणारी जी आठवी नस आहे, ती कानामागच्या टणक हाडातल्या जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या नळीतून जाते. त्या नळीत चार मुख्य नसा एकमेकींना खेटून असतात: एक चेहरा हलवणारी, एक ऐकण्याची आणि दोन तोल सांभाळणाऱ्या. तुमची गाठ तोलाच्या नसेवर उगवलेली आहे, बहुधा खालच्या. ऐकण्याची नस तिची शेजारीण. तक्रार मात्र पहिल्यांदा शेजारणीकडूनच आली. या आजारात बहुतेकांचं असंच होतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. पेशी सिद्धांत शिकवताना तुम्ही फळ्यावर श्लायडेन आणि श्वान ही नावं लिहीत असाल. त्यातल्याच थिओडोर श्वानच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशींची ही गाठ आहे. मेंदू आणि मेरुरज्जूच्या बाहेर पडलेल्या नसांमध्ये अक्षतंतूभोवती, म्हणजे संदेश नेणाऱ्या धाग्याभोवती, मायलिनचं स्निग्ध आवरण गुंडाळण्याचं काम या श्वान पेशी करतात. एक पेशी एका तंतूचा एकच तुकडा सांभाळते. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत त्या निमूट बसलेल्या दिसतात, पण त्यांचा खरा स्वभाव नस तुटली की कळतो. जखम झाली की त्या मायलिनचं काम सोडतात, पुन्हा विभाजित होऊ लागतात, मोडलेला कचरा साफ करतात आणि नव्या तंतूला वाढायला वाट करून देतात. तंतू जोडला गेला की थांबतात आणि परत गुंडाळायच्या कामाला लागतात.

म्हणजे वाढणं या पेशीला परकं नाही, तो तिच्या कामाचाच भाग आहे. गाठीच्या पेशीत नवं असं काही अवतरत नाही, फक्त थांबण्याची सोय निघून जाते.

ही सोय म्हणजे मर्लिन नावाचं प्रथिन. त्याचं जनुक, एनएफ२, आपल्या २२ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असतं. १९९३ मध्ये दोन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. मर्लिन प्रद्रव्यपटलाच्या लगेच आत, पेशीचा सांगाडा पटलाला जिथे जोडलेला असतो तिथे बसतं. चारी बाजूंनी शेजारच्या पेशी टेकल्या की ते जागं होतं आणि केंद्रकाकडे जाणारा ‘वाढा’ हा निरोप अडवतं. वर्ग भरला की दारात उभं राहून ‘आता जागा नाही’ म्हणणाऱ्या मॉनिटरसारखं त्याचं काम. थोडं खोलात सांगायचं तर मर्लिन हिप्पो नावाच्या संदेशमार्गाला चालना देतं आणि त्यामुळे याप नावाचं दुसरं प्रथिन केंद्रकाबाहेरच राहतं. मर्लिन नसलं की याप केंद्रकात शिरतं आणि विभाजनाची जनुकं चालू करतं. ज्या गर्दीत निरोगी पेशी थांबली असती, त्या गर्दीतही ही पेशी वाढत राहते.

आपल्याकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. गाठ व्हायला एकाच पेशीतल्या दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात. ही ‘दोन आघातांची’ कल्पना आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातल्या एका कर्करोगावरून मांडली होती. ती इथेही चपखल बसली. तुमच्या बाबतीत काय झालं असेल? जन्मानंतर कधीतरी तोलाच्या नसेतल्या एका श्वान पेशीत एक प्रत उत्परिवर्तनाने बिघडली. पुढे दुसरीही गेली, बऱ्याचदा ती गुणसूत्राचा तुकडाच हरवून जाते. कारण शोधायला गेलात तर यापलीकडे फारसं हाती लागत नाही. पेशी विभाजित होतात तेव्हा प्रती काढताना चुका होतात, आणि त्यातली एखादी चूक नेमकी नको तिथे पडते. तुमच्या आहाराने, ताणाने किंवा एखाद्या दुर्लक्षाने ती घडली असं मानायला आधार नाही.

फोनचंही तसंच. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मोबाइलच्या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. त्यात या गाठीचाही उल्लेख होता, त्यामुळे ही भीती हवेत राहिली. पण तेव्हाचे बरेच अभ्यास ‘तुम्ही किती वर्षं, कोणत्या कानाला फोन लावत होता?’ हे आजार झालेल्यांना मागाहून विचारून केलेले होते. ज्याला नुकतीच गाठ निघाली आहे तो या प्रश्नाचं उत्तर तटस्थपणे देऊ शकत नाही. शिवाय ऐकू कमी आलं की माणूस नकळत कान बदलतो, तोही घोळ आहेच. त्यानंतर मोठ्या लोकसमूहांवर नजर ठेवून केलेल्या अभ्यासांत हा संबंध टिकला नाही. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या आढाव्याचा निष्कर्षही मोबाइलमुळे या गाठीचा धोका बहुधा वाढत नाही असाच आहे. फोनने तुमची गाठ आणली नाही, ती लवकर उघडकीला आणली. एका कानाने शब्द कळत नाहीत हे फोनवर जितकं चटकन लक्षात येतं तितकं समोरासमोर बोलताना येत नाही. बाहेरचं ठामपणे सांगता येईल असं एक कारण आहे: लहानपणी डोक्याला किंवा मानेला मिळालेला किरणोत्सर्गी उपचार. तसं काही तुमच्या बाबतीत झालं असतं तर तुम्ही लिहिलं असतं.

मुलीचा प्रश्न सोपा आहे, म्हणून लवकर संपवतो. दोन्ही प्रती तुमच्या एका पेशीत बिघडल्या, सगळ्या शरीरात नाही. मुलीकडे ते जाणार नाही. असल्या गाठींपैकी ९० टक्क्यांहून जास्त अशाच एकाकी, एका बाजूच्या असतात. उरलेल्यांत एक प्रत जन्मापासून प्रत्येक पेशीत बिघडलेली असते, मग एक आघातही पुरतो आणि गाठी दोन्ही कानांत होतात. सोबत मेंदूच्या आवरणाच्या गाठी, त्वचेखाली गोळे, कमी वयात मोतीबिंदू अशी इतर लक्षणं दिसतात. जनुकावरून त्या आजारालाही एनएफ२च म्हणतात, २०२२ मध्ये आजाराचं नाव थोडं बदललं. त्यात मुलांना होण्याची शक्यता निम्मी असते. शंका घ्यायची ती गाठ तिशीच्या आत निघाली, दोन्हीकडे निघाली किंवा घरात आणखी कुणाला असली तर. तुमच्यात यातलं काही दिसत नाही. मुलीचा एमआरआय काढू नका.

आता ‘साधी’ म्हणजे काय ते. कर्करोगात एकामागून एक अनेक जनुकं बिघडत जातात, गुणसूत्रांची उलथापालथ होते, पेशी स्वतःची ओळख विसरतात आणि दुसऱ्याच्या प्रदेशात घुसतात. इथे बिघाड मोजका असतो. सूक्ष्मदर्शकाखाली ही पेशी अजून श्वान पेशीच दिसते, फक्त रिकाम्या हाताने फिरणारी. ती शेजारच्या ऊतीत मुळं सोडत नाही, रक्तातून दुसरीकडे जात नाही, फक्त ढकलते. विभाजन चालू असलेल्या पेशीही थोड्याच असतात. तिचं कर्करोगात रूपांतर इतकं दुर्मीळ आहे की तसा एखादा रुग्ण आढळला तर त्यावर स्वतंत्र लेख लिहिला जातो.

पण साधी म्हणजे निरुपद्रवी नव्हे, आणि तुमच्या घरच्यांची भीती अगदीच निराधार नाही. हाडाची नळी ताणली जात नाही. नळीतून बाहेर पडून मोठी झालेली गाठ मेंदूच्या खोडावर दाब आणू शकते, मेंदूतल्या पाण्याची वाट बंद करू शकते. शंभर वर्षांपूर्वी रुग्ण डॉक्टरांकडे पोचायचे तेच या अवस्थेत. अमेरिकेतले मेंदूचे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांचं १९१७ चं पुस्तक अशाच रुग्णांबद्दल आहे. कुशिंग गाठीचं कवच तसंच ठेवून आतला भाग कोरून काढायचे, कारण सगळी काढायला जाणं म्हणजे बहुधा माणूस गमावणं होतं. एमआरआय आल्यापासून आपल्याला ८ मिलिमीटरची गाठ दिसायला लागली. आपण मनात मात्र अजून त्या जुन्या मोठ्या गाठीलाच घाबरतो.

लहान गाठी पुढे काय करतात हे आता बरंच माहीत आहे. डेन्मार्कमधला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. निदानाच्या वेळी नळीच्या आतच असलेल्या गाठींपैकी सुमारे १७ टक्केच पुढे नळीबाहेर वाढल्या, आणि ज्या वाढल्या त्या पहिल्या पाच वर्षांत. बाकीच्या तिथेच राहिल्या. पुस्तकात ‘सरासरी वाढ वर्षाला १ ते २ मिलिमीटर’ असं सापडेल, पण ही सरासरी फसवी आहे. तिच्यात वर्षानुवर्षं न हललेल्या गाठीही येतात आणि भराभर वाढलेल्याही.

थांबण्याची सोय गेलेली असताना गाठ थांबते कशी, हे तुमचे विद्यार्थी विचारतील, आणि बरोबरच विचारतील. मर्लिन गेल्याने वाढीची परवानगी मिळते, पण वाढायला रक्तपुरवठा लागतो, आजूबाजूच्या पेशींची साथ लागते. गाठीत श्वान पेशी एकट्या नसतात. रोगप्रतिकारक यंत्रणेच्या मॅक्रोफेज पेशी मोठ्या संख्येने आत शिरलेल्या असतात, आणि वाढणाऱ्या गाठींत त्या जास्त सापडतात. शिवाय गाठीचा काही भाग घट्ट विणीचा तर काही सैल, पाणथळ असतो. निल्स आंतोनी यांनी १९२० मध्ये या दोन प्रकारांचं वर्णन केलं, आजही त्यांना आंतोनी ए आणि बी म्हणतात. सैल भागात पाणी साचलं तर एकही पेशी न वाढता गाठ फुगलेली दिसू शकते. स्कॅनवरचा आकार म्हणजे पेशींची शिरगणती नव्हे.

आणि आता तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न. एवढीशी गाठ, मग ऐकण्यावर एवढा परिणाम का?

नसेवर दाब येतो हे एक कारण. नळीतूनच अंतर्कर्णाला रक्त नेणारी बारीक धमनी जाते, तिला पर्यायी वाट नसते, ती चेपली की कर्णावर्ताचे, म्हणजे अंतर्कर्णातल्या ऐकण्याच्या शंखाकृती भागाचे, हाल होतात, हे दुसरं. पण नुसत्या दाबाने हिशोब जुळत नाही. मोठ्या गाठी असून नीट ऐकू येणारी माणसं मी पाहतो आणि मटारएवढ्या गाठीने बहिरी झालेलीही. तिसरं कारण अलीकडच्या काळात प्रयोगशाळेत दिसलं. या गाठी काही रेणू बाहेर सोडतात, त्यात दाह वाढवणारा टीएनएफ अल्फाही असतो. ज्यांची श्रवणशक्ती जास्त गेली होती अशा रुग्णांच्या गाठींतून पाझरलेला द्रव प्राण्यांच्या कर्णावर्तावर टाकला तेव्हा तिथल्या पेशींना इजा झाली. म्हणजे गाठ न वाढता, कुणाला न ढकलता, बसल्या जागेवरूनही ऐकणं बिघडवू शकते.

आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, हे तुम्ही लिहिलंत ते या आजाराचं अगदी नेमकं वर्णन आहे. शब्द कळायला हजारो तंतूंनी वेळ साधून संदेश न्यावे लागतात. काही तंतू गळाले, काही रेंगाळले की आवाज पोचतो पण त्याची घडण विस्कटते. म्हणून नुसत्या ‘बीप’ ऐकवणाऱ्या चाचणीवर समाधान मानू नका. दर वेळी शब्द ओळखण्याची चाचणी करून मागा आणि तिचे आकडे एका वहीत लिहून ठेवा. माझ्या मते तुमच्यासाठी ते आकडे मिलिमीटरइतकेच महत्त्वाचे आहेत. घरात सगळे गाठीबद्दल बोलतायत, ऐकण्याबद्दल कुणीच नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

त्याचा उत्तम पुरावा नॉर्वेतला आहे. लहान आणि मध्यम गाठी असलेल्या १०० जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं. एका गटाला निदान होताच किरणशस्त्रक्रिया, म्हणजे चाकू न लावता गाठीवर नेमके किरण सोडणं, दुसऱ्यावर फक्त लक्ष, आणि गाठ वाढली तरच उपचार. निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. चार वर्षांनी किरण दिलेल्या गाठी सरासरीने लहान झाल्या होत्या, तर लक्ष ठेवलेल्या सरासरीने वाढल्या होत्या. पण ऐकणं, तोल, लक्षणं, जगण्याचा दर्जा यांत दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. दिरांना हे जरूर दाखवा. गाठीवर उपचार म्हणजे ऐकण्यावर उपचार नव्हे. उलट बाजूही खरीच: थांबल्याने ऐकणं टिकेल अशीही हमी नाही. न वाढणाऱ्या गाठींतही ते वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत जातं.

उद्या गाठ वाढलीच तर दोन मार्ग आहेत. किरणशस्त्रक्रिया स्वीडनचे मेंदूचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी या गाठीवर पहिल्यांदा १९६९ मध्ये केली. त्यात गाठ जळत नाही की वितळत नाही. पेशींचा डीएनए असा दुखावतो की त्या पुढच्या विभाजनाला टिकत नाहीत, आणि गाठीच्या रक्तवाहिन्या हळूहळू बुजतात. त्यामुळे पहिल्या वर्षा-दोन वर्षांत गाठ उलट सुजलेली दिसू शकते, तेव्हा घाबरून दुसरा उपचार घ्यायचा नसतो. दहापैकी नऊहून अधिक जणांत ती त्यानंतर आटोक्यात राहते. दुसरा मार्ग उघड्या शस्त्रक्रियेचा. त्यात गाठ निघून जाते, पण चेहऱ्याची नस गाठीला चिकटून असते आणि धोका तिला असतो. मोठ्या गाठीत हा मार्ग टळत नाही, ८ मिलिमीटरला मी तो स्वतःहून सुचवणार नाही. औषधांचं म्हणाल तर रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं बेव्हासिझुमॅब एनएफ२च्या काही रुग्णांत गाठ आक्रसवतं आणि काहींचं ऐकणंही सुधारतं, पण तुमच्यासारख्या एकाकी गाठीसाठी ते नेहमीच्या वापरात नाही. ॲस्पिरिनने गाठ थांबते असं कुणी सांगेल. सुरुवातीच्या एका अभ्यासात तसं वाटलं होतं, नंतरच्यांत ते टिकलं नाही.

सहा महिन्यांचा स्कॅन चुकवू नका. तो स्थिर असला तर पुढे वर्षाने, मग अंतर वाढवत नेतात. एक बारकावा मात्र आग्रहाने सांगा: नवा स्कॅन फक्त आधीच्या स्कॅनशी नव्हे, अगदी पहिल्याशीही ताडून पाहायला हवा. एका मिलिमीटरचा फरक मोजण्यातल्या चुकीतही बसतो, म्हणून साधारण दोन मिलिमीटरपासून पुढे वाढ धरतात. दर वेळी ‘एकच मिलिमीटर, काही नाही’ म्हणत गेलं तर तीन वर्षांत तीन होतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

अंधारातल्या जिन्याचं कारणही आता कळेल. तोलाची नस इतकी सावकाश निकामी होते की मेंदू दुसऱ्या कानावर, डोळ्यांवर आणि पायांकडून येणाऱ्या संवेदनांवर भागवायला शिकतो, म्हणून गरगर भोवळ फार थोड्यांना येते. अंधारात डोळ्यांची मदत जाते तेव्हा उणीव उघडी पडते. जिन्यावर दिवा ठेवा, पाण्यात एकट्याने खोल जाऊ नका, कारण पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हे कळेनासं होऊ शकतं. तोलाचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांच्याकडे जा. या व्यायामांना वेळ लागतो, पण उपयोग होतो.

वर्गात मुलं तुमच्या उजव्या बाजूला येतील अशा बेताने उभ्या राहा. साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, शब्द स्पष्ट करत नाही, त्यामुळे चाचणीत शब्दांचे गुण फारच कमी आले तर त्यावर पैसे घालण्याआधी डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानाकडे पाठवणारं क्रॉस यंत्र वापरून पाहा. शिट्टी शांत खोलीत जास्त त्रास देते, झोपताना पंख्याचा किंवा पावसाचा हलका आवाज चालू ठेवून बघा.

चेहरा बधिर होणं किंवा एका बाजूने ढिला पडणं, वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, एकाला दोन दिसणं, चालताना एका बाजूला झोक जाणं, यातलं काही झालं तर लगेच दाखवा. डाव्या कानाचं ऐकणं एका-दोन दिवसांत अचानक खाली आलं, तरी पुढच्या स्कॅनच्या तारखेची वाट पाहू नका. अशा वेळी स्टेरॉइड देतात, आणि त्याचा उपयोग होण्याची शक्यता असते ती सुरुवातीच्या दिवसांतच.